न सांगता काढलेले फोटो

आमच्या वॉर्डात फोटो म्हणजे पांढरं. बायांनी पांढरं लुगडं नेसायचं, माणसांनी पांढरा सदरा घालायचा, पोरांच्या डोक्यावर तेल थापायचं आणि सगळ्यांनी हात मांडीवर सरळ ठेवून समोर बघायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून घरोघरी असा निदान एक फोटो भिंतीवर आला होता. बालाघाटच्या मेन रोडवरच्या स्टुडिओत तो काढलेला असायचा आणि सगळ्यांच्या मागे पडद्यावरची तीच ती बाग असायची. त्या बागेत एक कारंजं होतं. अख्खा वॉर्ड त्या कारंज्यासमोर बसून आला होता. आमचाही होता तसा फोटो, बाबूजी खुर्चीवर आणि माय त्यांच्या मागे उभी. मायचे दोन्ही हात पदराखाली होते, कारण तिची नखं फुटलेली होती आणि ‘हात आत घे’ असं बाबूजींनीच तिला सांगितलं होतं. त्या फोटोतली बाई मला कधी माझी माय वाटली नाही. कुणाच्या तरी घरी पाहुणी आलेली, पाणी मागायला संकोचणारी बाई वाटायची.

बाकीची पोरं बापाला ‘बा’ म्हणत, आम्ही ‘बाबूजी’ म्हणायचो. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत चपराशाची नोकरी लागली त्या दिवसापासून त्यांनी आम्हाला तसं म्हणायला लावलं होतं. खाकी कपडे ते स्वतः इस्त्री करायचे. पितळी लोट्यात चुलीतले निखारे भरायचे आणि सतरंजीवर पँट पसरून तिची धार अशी काढायचे की तिनं भाजी चिरावी. बोलताना निम्मी हिंदी यायची, ती कचेरीतली. रागात मात्र शुद्ध आमची बोली. माणूस वाईट नव्हता हो. पण नाकावर राग आणि पाठीवर सगळ्या जगाचे डोळे, असा त्यांचा जीव होता. कोण काय म्हणेल, कोण बघेल, यातच त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं निम्मं त्यांनी माझ्याशी भांडण्यात घालवलं, कारण मी त्यांच्यावरच गेले होते.

घर दोन खोल्यांचं, कौलारू. पहाटे राइस मिलची फकफक सुरू व्हायची आणि ती सुरू झाली की माय उठायची. मग छोट्या गाडीची शिटी. गोंदियाकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी इतकी हळू जायची की पोट्टे पळत जाऊन तिला शिवून यायचे. चुलीवर भात, लाखोळीची डाळ, कधी बांधीच्या पाण्यात धरलेले झिंगे लसणात परतलेले. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेलं. आमची स्वतःची एकही नव्हती. पण धान पिवळा पडला की माय लालबर्ऱ्याच्या रस्त्यावरच्या बांध्यांमध्ये कापणीला जायची. मजुरी धानातच मिळायची आणि तो धान आम्ही उन्हाळ्यापर्यंत खायचो. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, वॉर्डात सगळ्यांना माहीत होती, फक्त बाबूजींच्या कचेरीत माहीत नव्हती. तिथं त्यांनी सांगून ठेवलं होतं की आमची बाई घरीच असते.

अशात श्रावणमामा आला. मामा तुमसरला राहायचा, बिनलग्नाचा आणि हौशी. त्यानं कुणाकडून तरी एक डब्बा कॅमेरा मिळवला होता. लांजीला त्याला मुलगी बघायला जायचं होतं आणि तिथून पुढे दोन-चार नातेवाईक करून तो आठवड्यानं परत येणार होता. कॅमेरा घेऊन मुलीच्या घरी गेलो तर लोक म्हणतील पोरगा छंदीफंदी आहे, म्हणून त्यानं तो माझ्या हातात दिला. मी तेव्हा दहावीत होते. त्यानं मला सगळं शिकवलं: सूर्य पाठीमागे ठेवायचा, चार पावलं लांब उभं राहायचं, श्वास धरायचा, खटका दाबायचा आणि लगेच किल्ली फिरवून मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा आणायचा. “बारा फोटो निघतात,” तो म्हणाला, “माय-बाबूजीचा झकास काढजो. पांढऱ्या कपड्यात.”

मी हौ म्हटलं. आणि त्याच क्षणी ठरवलं की पांढऱ्या कपड्यातला एकही काढायचा नाही. हे कुठून सुचलं ते विचारू नका. मला फक्त एवढं कळत होतं की आठवडा आहे, बारा फोटो आहेत आणि माय जशी आहे तशी मला एकदा कागदावर पाहिजे. हात पदराबाहेर असलेली. एकदा डोक्यात घेतलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नव्हते, स्वतःच्या तर नाहीच.

पण आमच्या लोकांपासून कॅमेरा लपवणं म्हणजे मांजरापासून झिंगे लपवणं. पहिल्याच सकाळी विहिरीवर बाया दोर ओढत होत्या, कपाळावर घाम, एकीच्या तोंडात पदराचं टोक. मी डब्बा डोळ्याला लावला, तर चौघीजणी बादल्या तिथंच टाकून घराकडे पळाल्या. अर्ध्या तासानं परत आल्या त्या पावडर लावून, पांढरी लुगडी नेसून, आणि विहिरीसमोर ओळीनं उभ्या राहिल्या. मी म्हटलं, पाणी ओढा न. तर म्हणाल्या, पांढऱ्या लुगड्यानं कोण पाणी ओढते? मी त्यांचा फोटो काढल्यासारखं केलं आणि खटका दाबलाच नाही. पाप लागलं असेल तर लागो.

सगळ्यात अवघड होत्या फुलाबाई. विहाराची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. विहार म्हणजे तेव्हा टिनाचं छप्पर असलेली एक खोली आणि पुढे ओसरी, पण किल्ली कुठल्या खजिन्याची असावी अशा त्या ती सांभाळायच्या. कॅमेऱ्याची बातमी कळल्यावर त्या आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून, दारासमोर खाटेवर येऊन बसल्या त्या दुपारपर्यंत. जेवायलाही उठल्या नाहीत, लुगड्यावर डाळ सांडेल म्हणून. मी तीनदा समोरून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी माझी सात पिढ्यांसकट पूजा बांधली. दोन दिवसांनी त्या मागच्या अंगणात शिंगाडे सोलत बसल्या होत्या, विटक्या हिरव्या लुगड्यात, मांडीवर सूप, बोटं काळी झालेली, कोंबडीला हाकलत होत्या. मी कुडाच्या भोकातून हळूच खटका दाबला. त्यांना पत्ताही लागला नाही.

एकदा युक्ती समजल्यावर हात बसला. न सांगता काढायचे. रेल्वेच्या फाटकापाशी थांबलेली बैलगाडी आणि तिच्यावर तोंडावर टोपी टाकून झोपलेला गाडीवान. वैनगंगेच्या वाळूवर वाळत घातलेली धुणी, त्यावर दगड ठेवलेले. म्हशीच्या मागे मागे चालणारे बगळे, त्यासाठी मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि एका पायाची चप्पल चिखलाला देऊन आले. आमची चूल, नुसती चूल, डाळीवरचं झाकण उडत असलेली. बाबूजी फाटक्या बनियनमध्ये, जीभ दातात धरून, लोट्यानं इस्त्री करताना. एका फोटोत माझं बोट आलं, तो गेला. आता माझी नात नागपूरहून मला रोज फोनवर फोटो पाठवते. तिच्या खिडकीतला कावळा, गॅसवर उतू गेलेलं दूध, पावसानं भिजलेली तिची स्कूटी. तिची आई म्हणते, काय हा टाइमपास. मी प्रत्येक फोटो चष्मा लावून बघते आणि तिला उत्तर पाठवते की अजून पाठव.

शनिवारी शेवटचा एक उरला होता. तो मी मायसाठी ठेवला होता. शाळा बुडवली आणि तिच्या मागे बांधीवर गेले. तिला म्हटलं, शिळा भात घेऊन आली. ती हसली, कारण तिला माझं खोटं वासावरून कळायचं. बाया ओळीनं वाकून कापत होत्या, विळ्यांचा खरखर आवाज आणि मधूनच कुणाचं तरी गाणं, ते अर्धवट सोडून दुसरीनं उचललेलं. दुपार कलल्यावर भारे बांधले. मायनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं होतं, डोक्याला चिंधी गुंडाळली होती. दोघींनी उचलून भारा तिच्या डोक्यावर ठेवला आणि ती धुऱ्यावरून माझ्याच दिशेनं आली, पायाला चिखल, एक हात वर भाऱ्याला धरलेला, आणि मागच्या बाईला काहीतरी ओरडून सांगत होती. सूर्य माझ्या पाठीशी होता. मी श्वास धरला. तिनं मला बघितलंच नाही, कारण डोक्यावर भारा असला की बाई फक्त पायाखालच्या धुऱ्याकडेच बघते.

रविवारी मामा आला, लग्न न ठरवताच. रोल त्यानं मेन रोडवरच्या स्टुडिओत धुवायला दिला आणि तुमसरची बस पकडली. चार दिवसांनी मी फोटो आणायला गेले तेव्हा स्टुडिओवाल्या चाचांनी ते गल्ल्यावर एक एक मांडले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोंकडे बघितलं. “बेटी,” ते म्हणाले, “इसमें तो एक भी आदमी सीधा नहीं खड़ा है.” मी म्हटलं, हौ चाचा. मला इतका आनंद झाला होता की मी लिफाफा छातीशी धरून अख्खा रस्ता पळत आले.

माय अजून बांधीवरच होती. घरी बाबूजी चहा पीत बसले होते. त्यांनी लिफाफा मागितला. बैलगाडीवर ते हसले, बगळ्यांवर ‘वाह’ म्हणाले, स्वतःचा फोटो जवळ नेऊन बघितला आणि बनियनकडे बघून नुसतं हूं केलं. मग मायचा फोटो आला. चहा तसाच राहिला. त्यांनी तो फोटो उलटा केला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि वर बटण लावलं.

मी सांगितलं की पौर्णिमेला विहाराच्या ओसरीवर हे सगळे फोटो लावणार आहे, सगळ्यांना बघायला. मायचा पण. ते म्हणाले, हा नाही लागणार. मी विचारलं की तुमचं फाटकं बनियन चालते, मग मायचा चिखल काहून नाही चालत?

“बनियन माह्यं हाय,” ते म्हणाले. “चिखल दुसऱ्याच्या बांधीतला हाय.”

मग बराच वेळ ते बोलले, माझ्याकडे न बघता. कटंगीकडच्या गावात त्यांची आई पाटलाच्या खळ्यावर दिवसभर राबायची आणि संध्याकाळी पदर पसरून उभी राहायची. पदरात धान वरून टाकायचे, विटाळ नको म्हणून, आणि खाली सांडलेला ती वेचायची. लहानपणी त्यांनीही तो वेचला होता. आपण तिथून निघालो, गाव सोडलं, कपडे बदलले, देव बदलले, आणि तू तुझ्या मायला पुन्हा तिथंच नेऊन उभं करते, असं ते म्हणाले. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण पटलं नाही. लाज त्या टाकणाऱ्यांची होती, वेचणारीची कशी झाली? हे मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, मी नुसतं पाय आपटले आणि बाहेर गेले. आज बोलता येतं, तर ऐकायला बाबूजी नाहीत.

रात्री जेवताना मी मायला सांगितलं की तुझा एक फोटो आहे आणि तो बाबूजींच्या खिशात आहे. तिनं भात वाढता वाढता एकदा त्यांच्याकडे बघितलं. ते ताटात बघत होते. “राहू दे,” ती म्हणाली. “त्याईचं बी काही असन.” विषय तिथंच संपला, असं त्या दोघांना वाटलं.

मी फुलाबाईंकडे गेले, कारण त्यांच्या किल्लीशिवाय ओसरीवर खिळाही ठोकता आला नसता. त्या माझ्यावर अजून खार खाऊन होत्या. मी सरळ शिंगाड्यांचा फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरला, लांब नेला, जवळ आणला. मला वाटलं आता फाडतात. तर म्हणाल्या, “बाप्पा, माह्यं नाक तर माह्या मायवानी हाय.” त्यांची आई त्या लहान असतानाच गेली होती आणि तिचा फोटो नव्हता. त्या कितीतरी वेळ नाकावरून बोट फिरवत बसल्या. मग कमरेची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली आणि खिळे किती लागतात ते विचारलं.

पौर्णिमेला दुपारपासून मी ओसरीवर होते. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत खिळे ठोकून सुतळी बांधली आणि फोटोंच्या पांढऱ्या काठाला बाभळीचे काटे टोचून दहा फोटो लावले. अगदी मध्ये एक जागा सोडली. तिथं वहीचा कागद फोटोएवढा कापून टांगला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘इथं माझी माय आहे. फोटो बाबूजींच्या खिशात आहे.’

ऊन उतरायच्या आत लोक वंदनेला जमले, सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली आणि सगळे ओसरीवर आले. आधी गोंधळ, मग हसणं. गाडीवान कोण यावर पैजा लागल्या. वाळूवरचं कुठलं लुगडं कुणाचं हे बायांनी ओळखून काढलं. फुलाबाई आपल्या फोटोशेजारी पहाऱ्यावर उभ्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला नाक दाखवत होत्या. आणि मग कुणीतरी मधला कागद मोठ्यानं वाचला. माना बाबूजींकडे वळल्या. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, पण मी नजर खाली केली नाही. लोक म्हणायला लागले, दाखवा न भाऊ, खिशात काय अंडी उबवता का? ते कानापर्यंत लाल झाले होते. खिशावर हात होता.

माय गर्दीतून पुढे आली. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि हात सवयीनं पदराखाली. ती चारचौघांत त्यांच्याशी कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

“मले तरी दावा,” ती म्हणाली. “मी मले कामात कधी पाह्यलं नाही.”

बाबूजींनी बटण काढलं. किती वेळ लागला त्या एका बटणाला. फोटो त्यांच्या घामानं एका कोपऱ्यात दुमडला होता. मायनं तो घ्यायला हात बाहेर काढले, फुटलेल्या नखांचे, आणि सगळ्यांसमोर फोटो दोन्ही हातांनी धरला. तिनं तो तसाच बघितला जसा ती तांदूळ निवडताना बघते. मला वाटलं रडेल. “भारा डाव्या अंगाले गेला,” ती म्हणाली. “दोर सैल बांधला त्या पोरीनं. तेच मी वरडून राह्यली हाय.” बाया हसल्या आणि तीही हसली. मग तिनं माझा कागद काढला, घडी करून मला परत दिला, आणि त्याच काट्यानं स्वतःचा फोटो तिथं टोचला.

इथवर ठीक होतं. पण तेवढ्यात बडे बाबू आले. बाबूजींच्या कचेरीतले हेडक्लर्क, आपल्यातलेच, दर पौर्णिमेला सरकारी क्वार्टरमधून पोरांना दोन शब्द सांगायला यायचे. बाबूजी त्यांना रोज पाणी नेऊन द्यायचे. लोक बाजूला झाले. बडे बाबू पाठीमागे हात बांधून एक एक फोटो बघत पुढे सरकले, बगळ्यांपाशी थांबले, इस्त्रीपाशी हसून बाबूजींकडे बघितलं, आणि मधल्या फोटोपाशी येऊन वाकले. त्या भाऱ्याखालची बाई आणि तीन पावलांवर पांढऱ्या लुगड्यात उभी असलेली बाई एकच आहे हे त्यांना कळलं नाही. कसं कळावं. त्यांनी विचारलं, “यह बाई कौन है?”

मला सांगता आलं असतं, मी तर सांगायलाच बसले होते, पण मायनं माझं मनगट घट्ट पकडलं. ती बाबूजींकडे बघत होती. मीही बघत होते. माझं सगळं धाडस त्या क्षणी संपलं आणि मला कळलं की हा फोटो मी लावला असला तरी तो लागणार की नाही हे आता ते ठरवणार आहेत. त्यांनी सदरा खाली ओढला, जसे ते साहेबांच्या खोलीत शिरताना ओढायचे, आणि दोन पावलं पुढे झाले.

“माह्या घरची हाय, साहेब,” ते म्हणाले. हिंदी विसरले होते. “मी तुमाले खोटं सांगतलं होतं. हे कापणीले जाते. आमच्या घरचा भात हिच्या मजुरीचा हाय. या साली बी हेच गेलती.”

“दरसाल,” माय म्हणाली.